साडेनऊ मार्कांची तार

१

आमच्या कंपनीत तार ओढतात. म्हणजे बोटाएवढी जाड सळई एका भोकातून, मग त्याहून लहान भोकातून, मग त्याहूनही लहान भोकातून ओढत न्यायची आणि शेवटी केसाएवढी करून गुंडाळायची. गेली सव्वीस वर्षं मी त्या केसाच्या बाजूला उभा आहे, हातात मायक्रोमीटर घेऊन. तारापूर एमआयडीसीत तारेवरून कुठं भांडण लागलं की माणसं म्हणतात, "सावेंना बोलवा." अशा माणसाची खुर्ची एका तारेपायी जायची वेळ आली, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. येऊ द्या. मलाही पहिले चार दिवस येत होतं.

खुर्ची म्हणजे कंपनीतली नव्हे, तिथं आम्ही उभेच असतो. खुर्ची पालघरच्या आमच्या सूरगंध मंडळातली. स्टेजवर पुढची रांग, उजवीकडून पहिली. एकोणीस वर्षं त्या खुर्चीवर बसून मी व्हायोलिन वाजवतोय. तिचा एक पाय आखूड आहे, आणि ती कुठल्या बाजूला कलंडते हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

रोजचा क्रम ठरलेला. पहिली पाळी साडेतीनला सुटते. चारला मी बोईसरजवळच्या सरावलीत घरी, चहा, आणि साडेचारला बाहेरच्या खोलीत रियाज. त्याच वेळी सुलू, म्हणजे आमची मंडळी, स्वयंपाकघरात जाते आणि मधलं दार लावून घेते. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. माझ्या वाजवण्याला तिनं चांगलं कधी म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. दार मात्र एक दिवस चुकवलं नाही.

त्या बुधवारी हरेश्वरभाई आले. मंडळाचे अध्यक्ष. माहीमला त्यांची पानवेलीची वाडी आहे, आणि बोलतानाही ते एकेक शब्द पानासारखा पुसून पुढं ठेवतात.

"रामनाथ," ते म्हणाले, "तुजी ती वरची तार बोंबलते रे."

"कुठं बोंबलते?"

"परवाच्या कार्यक्रमात. तू ती तार धरलीस, नि पयल्या रांगेतल्या गुर्जींनी कानातलं मशीन काडून खिशात ठेवलं. मागं एक बाई उठली. तिला वाटलं घरचा कुकर झाला."

"ती बाई दुसऱ्या कारणानं उठली असेल."

"असंल. पण कमिटीत विषय निगाला. पुडच्या रविवारी फैसला करायचा हाय. नायतर चिराग हायेच. त्याच्या कीबोर्डात व्हायोलिनचं बटन हाय."

"बटण?"

"दाबलं का वाजतं. बोंबलत नाय."

स्वयंपाकघरातून कपबशा वाजल्या. सुलू हसत होती की विसळत होती, कळलं नाही.

२

व्हायोलिनला चार तारा. खालच्या तिघी जाडजूड, गुंडाळलेल्या, समंजस. त्यांच्यावर थोडं चुकलं तर त्या सांभाळून घेतात. वरची ई मात्र उघडी पोलादी तार, पाव मिलिमीटरची. ती कुणाचं काही झाकत नाही. माझं तर मुळीच नाही.

वसईला व्हायोलिनं दुरुस्त करणारा एक म्हातारा मास्तर आहे. त्याच्याकडून मी चार ई तारा आणल्या. त्यानं प्रत्येकीचा स्वभाव सांगितला, जणू स्थळं दाखवतोय. पहिली पातळ: चमकते, पण चिरकते. दुसरी जाड: आवाजाला अंग येतं, पण गजाला जड जाते. तिसरी सोन्याच्या मुलाम्याची: गोड, पण मोकळी वाजवली की मनात येईल तेव्हा शिट्टी मारते. चौथीवर अ‍ॅल्युमिनियमची बारीक पट्टी गुंडाळलेली: शिट्टी मारत नाही, पण जरा तोंडावर पदर घेऊन बोलते.

"यातली चांगली कुठली?" मी विचारलं.

"ते तुमच्या व्हायोलिनला विचारा," मास्तर म्हणाला. "आणि स्वतःच्या कानावर जाऊ नका. तुमचा कान लाकडाला चिकटलेला. खरा टोन पलीकडच्या खोलीत कळतो. तिथं कुणाला तरी बसवा."

माझ्यातला इन्स्पेक्टर खूश झाला. आमच्याकडे नमुने तपासतात तसेच तपासायचे! तपासणाऱ्याला नमुना दिसता कामा नये.

"मी काय करायचं म्हंता?" सुलूनं विचारलं. तिच्यापुढं परातीत कोलंबी होती.

"काही नाही. आत बसून कोलंबी सोलायची. मी एकेक तार लावून तोच अंतरा वाजवणार. झाला की दारावर टक् करणार. तू दहापैकी मार्क लिहायचेस."

"काय बगून?"

"ऐकून!"

"अट्टावीस वर्सं ऐकत्येय," ती म्हणाली, "तवा नाय मार्क विचारलेत." पण पेन्सिल कानावर खोचून आत गेली, आणि मधलं दार लागलं.

तार बदलायला दहा मिनिटं लागतात. खुंटीतून जुनी सोडवा, नवी ओवा, हळूहळू चढवा, सुरात आणा. चार तारा वाजवून होईपर्यंत सव्वापाच झाले. चौथं टक् केलं, व्हायोलिन मांडीवर ठेवलं, दोन मिनिटं पाठ टेकली आणि दार उघडलं.

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सुलूनं लिहिलं होतं: चार. साडेपाच. सहा. पाच. साडेनऊ.

३

"हे पाच आकडे कसे?"

"पाच वाजवल्यात तर पाच."

"चार वाजवल्या."

"अहो, चौथी वाजवलीत, टक् केलंत. मंग खाकरलात. मंग पाचवी वाजवलीत, टक् केलंत. मी काय कोलंबी मोजत व्हते?"

"मी खाकरलो नाही."

"मंग कोण खाकरलं?"

आता हा प्रश्न तिनं कोलंबीचं डोकं मोडता मोडता विचारला होता, त्यामुळे तो प्रश्न आहे हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. तोवर मी वेगळ्याच गोष्टीवर अडलो होतो. साडेनऊ! आमच्या लेकीच्या, स्वातीच्या लग्नातल्या जेवणाला हिनं सहा दिले होते, आणि ते हिच्या माहेरच्यांनी रांधलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी परीक्षा पुन्हा घेतली. तारांचा क्रम बदलला. पंखा बंद केला. चौथं टक् झाल्यावर हात वर करून बसलो, पोलिसांपुढं बसतात तसा. दार उघडलं. पाच आकडे. शेवटचा साडेनऊ.

बुद्धी चालवणं हे माझं कामच आहे, म्हणून चालवली. आवाज शेजारून येत असेल. आमच्या बाहेरच्या खोलीला लागून मिथुनची खोली, भिंत एकच. हा बिहारचा गडी, केमिकलच्या कंपनीत रात्रपाळी करून दिवसा झोपतो. मी त्याचं दार वाजवलं. डोळे चोळत आला.

"मिथुन, तुम्हारे यहाँ कोई व्हायोलिन बजाता है?"

"हमारे यहाँ?" त्यानं मागं वळून आपली खोली पाहिली. तिथं एक चटई, एक स्टोव्ह आणि खिळ्याला लटकवलेलं हेल्मेट होतं. "नहीं काका. आप ही बजाते हो." मग जरा लाजून म्हणाला, "बुरा मत मानना. पहले चार बार जो बजाते हो न, उससे नींद टूटती है. वो पाँचवाँवाला रोज बजाओ. उसमें अच्छी आती है."

मी घरी परत आलो. घर म्हणजे तिथून सात पावलं. त्या सात पावलांत मी हसणं थांबवलं.

४

नमुना चांगला निघाला म्हणजे तो कुठंतरी असलाच पाहिजे, हा आमच्या खात्याचा पहिला नियम. शुक्रवारी मी त्या पाचवीच्या मागावर बसलो. पहिल्या चार वाजवल्या, टक् केलं, आणि मग डोळे उघडे ठेवून खोलीकडं बघत राहिलो.

प्लास्टिकचं कव्हर घातलेला सोफा. घड्याळ. टीव्हीवर स्वाती-जावयाचा फोटो. खिडकीतून उतरतं ऊन आणि एमआयडीसीचा तो सडक्या फळासारखा वास. सगळं जागच्या जागी. फक्त घड्याळाची टिकटिक ऐकू येईना. काटा सरकत होता. मग लक्षात आलं, गल्लीतली रिक्षा गेली तीही तोंड बांधून गेली. मी मुद्दाम मांडीवर चापट मारली. मांडीला लागली, कानाला नाही.

हे बहिरेपण नव्हतं. मला ते ओळखीचं वाटलं, आणि ओळख पटली तेव्हा मानेवरचे केस उभे राहिले. खोलीतला सगळा आवाज कुणीतरी मधल्या दाराच्या फटीतून पलीकडं ओढून नेत होतं. बारीक, आणखी बारीक करत. आम्ही तार ओढतो तसा.

मग टिकटिक परत आली. मी मांडीवरच्या व्हायोलिनकडं बघितलं. घोडीजवळच्या काळ्या लाकडावर राळेची पांढरी पूड पडली होती. गज घासला की ती पडते. चार तारा वाजवून झाल्यावर मी ती फडक्यानं स्वच्छ पुसली होती. पुसलेलं फडकं सोफ्यावर होतं.

शनिवारी मी हट्टालाच पेटलो. ई तार काढून शर्टाच्या खिशात घातली. खुंटीचं भोक रिकामं. गजही हातात घेतला नाही. चार तारांचं नाटक न करता नुसता बसून राहिलो. टिकटिक गेली. तीन मिनिटांनी आली. मी दार उघडलं.

सुलू ओट्याला टेकून उभी होती आणि पदरानं डोळे टिपत होती. ओट्यावर कांदा नव्हता.

"हीच लावा," ती म्हणाली. "दुसरी कंची नको. हीच."

मी खिशातल्या तारेवर हात ठेवला. काय सांगणार? अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या वाजवण्यानं रडली, आणि मी वाजवलं नव्हतं.

५

खरं सांगायचं तर मला भीतीपेक्षा राग जास्त आला. परका पुरुष घरात, माझ्या व्हायोलिनवर, माझ्या रियाजाच्या वेळेला! आणि ही आता पावणेपाचलाच पेन्सिल घेऊन बसणार, वेणीबिणी घालून.

त्याहून मोठा अन्याय म्हणजे मला स्वतःला ते ऐकायलाच मिळत नव्हतं. मिथुननं ऐकलं, सुलूनं ऐकलं. मी आपला टिकटिक गेलेल्या खोलीत, हलवायाच्या दुकानात तोंड बांधून बसल्यासारखा. म्हणून त्याच संध्याकाळी व्हायोलिन सोफ्यावर ठेवलं आणि स्वयंपाकघरात सुलूशेजारी येऊन पाटावर बसलो.

काही नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाहेरच्या खोलीतून घड्याळ तेवढं व्यवस्थित ऐकू येत होतं.

"तुमी कशाला आलात हितं?" सुलू वैतागली. "तुमी हितं आलात का नाय वाजत. जा बगू भाएर."

"म्हणजे तुला माहीत आहे की मी नसतो वाजवत?"

कुकरचं झाकण घट्ट बसलेलं असतानाही तिनं ते पुन्हा बसवलं.

"मला काय करायचंय कोण वाजवतो," ती म्हणाली. "ऐकायला बरं वाटतं. तुमची खुर्ची राहील ना? मंग?"

माझ्या खऱ्या वाजवण्याला सहाच्या वर मार्क नव्हते. चिरागच्या बटणाला किती पडतील देव जाणे. खुर्ची वाचवायची तर एकच रस्ता होता, आणि तो मधल्या दारातून जात होता.

हरेश्वरभाईंना मी फोन लावला. म्हटलं, फैसला माझ्या घरी करू. कमिटी स्वयंपाकघरात बसेल, दार बंद. कोण वाजवतंय ते दिसणार नाही. नुसता टोन.

"कोलंबीचं काय हाय का?" हरेश्वरभाईंनी विचारलं.

"आहे."

"मंग येतो."

६

रविवारी पाचला कमिटी आली. हरेश्वरभाई, आमच्या गायिका चारुताबाई आणि कीबोर्ड खांद्याला लावून चिराग. चारुताबाई कोळगावला जिल्हा मुख्यालयात नोकरीला आहेत. बंद दाराची कल्पना त्यांना फार आवडली. "निविदेसारखं," त्या म्हणाल्या. "पाकीट शेवटी फोडायचं."

चिराग तसा सज्जन मुलगा. तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, पण मंडळात तीस म्हणजे मुलगाच. "काका, राग नका मानू हं," असं म्हणून त्यानं कीबोर्ड बाहेरच्या खोलीत मांडला, बटण दाबलं आणि अंतरा वाजवला. बोंबलला नाही. कुठंच काही झालं नाही. दारापलीकडून सुलूचा आवाज आला, "सात." चिराग खूश होऊन आत गेला. कीबोर्ड तिथंच राहिला.

मग दार लागलं आणि मी एकटा उरलो.

ई तार काढून खिशात टाकली. व्हायोलिन आणि गज सोफ्यावर ठेवले. बसायचं, तीन मिनिटं थांबायचं, खुर्ची आपली. पण बसवेना. ज्याच्या जिवावर मी पुढच्या रांगेत मिरवणार, त्याचा आवाज मला एकदाही ठाऊक नसावा? मागच्या वेळी मी समोरून, मधल्या दारातून आत गेलो होतो. त्याला कळलं असेल. चोरून गेलं तर?

चपला हातात घेतल्या आणि पुढच्या दारानं गल्लीत आलो. मिथुन उंबऱ्यावर दात घासत बसला होता. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यानं मान हलवली. आणि त्याच क्षणी, ज्या खोलीतून मी बाहेर पडलो होतो तिथून कुणीतरी खाकरलं.

मिथुननं दाराकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग माझ्या हातातल्या चपलांकडं.

"काका," तो तोंडात फेस ठेवूनच म्हणाला, "आप तो इधर..."

पुढचं त्यानं गिळलं, फेसासकट. उठला, आत गेला आणि कडी लावली. मंगळवारी त्यानं खोली सोडली, पण ते नंतरचं.

इमारतीला वळसा घालून मी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी पोहोचलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत चौघं बसली होती, डोळे मिटून. हरेश्वरभाईंच्या हातात कोलंबीचा घास तसाच होता.

आणि मी ऐकलं.

वर्णन काय करू? माझी सगळी बारीक तारेची अक्कल तिथं संपली. चमक होती, पण टोचत नव्हती. आवाज वर जात होता तरी पातळ होत नव्हता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो वाजवणारा मीच होतो. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत एका सुरावर मी नेहमी उशिरा पोहोचतो. तोही उशिरा पोहोचला. पण असा, की सगळं घर त्याची वाट बघत थांबलं होतं आणि तो आल्यावर सुटलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "वा!"

हरेश्वरभाईंनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. हातातला घास ताटात पडला.

"रामनाथ," ते अगदी हळू म्हणाले, "तू हितं?"

मला वाटलं, आता थांबेल. मागच्या वेळी मी पाटावर येऊन बसलो तेव्हा थांबलं होतं, वाजलंच नव्हतं. पण आज थांबलं नाही. मी तिथं उभा आहे हे ऐकूनसुद्धा थांबलं नाही. शांतपणे तिसरी ओळ घेतली, चौथी घेतली, समेवर आलं. मग मधल्या दारावर पलीकडून आवाज झाला. टक्.

कुणी हललं नाही. चिरागच्या कपाळावर घाम होता. "माझा कीबोर्ड," तो पुटपुटला, "पलीकडं आहे." पण उठला नाही.

सुलूनं मात्र कॅलेंडर पुढं ओढलं, आकडा लिहिला आणि तो हरेश्वरभाईंपुढं सरकवला. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. शेवटी अध्यक्ष ते अध्यक्षच.

"नियमापरमाणं," त्यांनी घसा ओला केला, "खुर्ची... पलीकडच्यांची."

"सावेंची," चारुताबाईंनी घाईघाईनं दुरुस्ती केली. "इतिवृत्तात सावेच लिहा. नाव एकच आहे ना? मग अडचण नाही."

सुलू उठली. पाच कपांत चहा ओतला. मग फळीवरून सहावा कप काढला, त्यात आलं जरा जास्त किसलं, आणि बशी घेऊन मधल्या दाराकडं गेली. दार तिनं वीतभर उघडलं. मी उभा होतो तिथून त्या वीतभरातून सोफ्याची कड दिसत होती, आणि तिच्यावर टेकवलेलं एक कोपर. मग हात पुढं आला. बशी घ्यायला. बोटांच्या टोकांना राळेची पांढरी पूड होती, आणि करंगळी बाहेर ठेवून त्यानं बशी धरली. मी तशीच धरतो.

मी स्वतःचा हात बघितला. त्यात चपला होत्या.

दार लागलं. पलीकडं कुणीतरी चहाचा पहिला घोट आवाज करून घेतला.

"त्यांना आलं लागतं," सुलू म्हणाली. कुणाला म्हणाली, कळलं नाही.

७

खुर्ची राहिली. हे मी सगळ्यांना सांगतो, कारण ते खरं आहे. पंधरवड्यानं पालघरला हॉलमध्ये कार्यक्रम झाला, भरदुपारी. पत्रिकेवर छापलं होतं: व्हायोलिन, रामनाथ सावे. पुढच्या रांगेत उजवीकडून पहिली खुर्ची मांडली होती आणि रिकामी ठेवली होती. व्हायोलिन बाजूच्या मेकअप रूममध्ये, दार बंद, आत एक माईक. हरेश्वरभाईंनी निवेदनात सांगितलं की आमचे सावे जरा संकोची आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मी चौथ्या रांगेत होतो, सुलूशेजारी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही कार्यक्रमाला शेजारी बसलो होतो, आणि तिनं पूर्ण दोन तास डोळे उघडले नाहीत.

कानात मशीन घालणारे गुर्जी पहिल्या रांगेत होते. त्यांनी मशीनचा आवाज वाढवला.

शेवटी सत्कार. शाल आणि नारळ घेऊन हरेश्वरभाई मेकअप रूमच्या दाराशी गेले, दार थोडं उघडलं, हात आत घातला, आणि रिकामा हात बाहेर काढून नमस्कार केला.

बाहेर आलो तेव्हा ऊन होतं. हरेश्वरभाईंनी गाडी काढली होती. सगळ्यांना सरावलीपर्यंत सोडणार होते. चारुताबाई पुढं बसल्या. चिराग मोटरसायकलवरून केव्हाच गेला होता. मागं सुलू बसली, आणि तिच्या पलीकडची जागा रिकामी होती. मी वळसा घालून त्या बाजूच्या दाराला हात घातला.

"अरे अरे," हरेश्वरभाई आरशात न बघता म्हणाले, "तितं नको."

मी आत डोकावलो. सीटवर शाल होती. घडी घातलेली नव्हती. कुणी खांद्यावरून घ्यावी तशी ती सीटच्या पाठीला टेकून, दोन्ही बाजूंनी खाली आली होती, आणि मधे फुगली होती. खालची गादी दबलेली होती.

"रामनाथ, तू यष्टीनं ये," हरेश्वरभाई म्हणाले. "राग मानू नको. जागा चारच."

मी सुलूकडं बघितलं. म्हटलं, ही तरी काही बोलेल. ती माझ्या बाजूला वाकली, माझ्या अंगावरून नजर काढून खिडकीच्या काचेकडं बघितलं, आणि काच हळूहळू वर घेतली.

"वारा लागतो," ती म्हणाली. "मंग रातभर खाकरत बसतात."

गाडी गेली. मी कोळगावपर्यंत चालत आलो आणि तिथून बोईसरची एसटी धरली. गच्च भरली होती. दांडा धरून उभा राहिलो. उमरोळीला एक बाई टोपली घेऊन उतरली तेव्हा मागच्या चाकावरची, पाय दुमडून बसायची ती जागा मोकळी झाली. दोघं जण तिकडं सरकत होते. मी त्यांना कोपरानं बाजूला केलं, बसलो, आणि बोईसर येईपर्यंत ती जागा दोन्ही हातांनी धरून ठेवली.